सहावी डबी

काडाप्पामामा सकाळी सव्वासहाला आमच्या मोरीच्या दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा मी दात घासत होते. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि लुंगीच्या घडीतून एक डबी काढली. पांढरं झाकण, अंगावर चिकटवलेली पट्टी, पट्टीवर त्यांचं नाव.

"तेजे," ते हळूच म्हणाले, "एक टाक की गं बाळा ह्यात."

"काय टाकू?"

"आता काय सोनं टाकतीस व्हय? बेडका टाक. पप्पाला दिलास न्हवं काल? मग मला का न्हाई? मी काय परका हाय?"

काडाप्पामामा म्हणजे कारखान्यातले जॉबर. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखणार. मिशा वर, पोट पुढे, आणि पोरीबाळींनी मोठ्यानं हसलेलंसुद्धा त्यांना खपायचं नाही. हा माणूस नववीतल्या मुलीपुढे थुंकीसाठी हात पसरून उभा होता. दोन वर्षं झाली, पण अजूनही ते रस्त्यात दिसले की मला आधी ती लुंगीची घडी दिसते.

ही वेळ कशी आली ते सांगते. आमच्या गावात माणसांपेक्षा माग जास्त. दिवसभर खडाखड, हवेत सुताचा बारीक कापूस, त्यामुळे खोकला घरोघरी. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सुताचा हाय." महिना झाला तरी सुताचा, रक्त पडलं तरी सुताचाच. बिचारं सूत, त्याला तोंड नाही म्हणून बरं.

त्या वर्षी टीबी शोधायची सरकारी मोहीम आली. आमच्या आशाताई, नसीमाताई, घर अन् घर फिरल्या आणि पंधरा दिवसांपेक्षा जास्त खोकणारी पाच माणसं त्यांनी आमच्या गल्लीत शोधून काढली. प्रत्येकाला एकेक डबी दिली. "सकाळी उठल्या उठल्या चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि खाकरायचं," त्यांनी स्वतः खाकरून दाखवलं. "छातीतला बेडका पाहिजे. तोंडातली थुंकी चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाचही डब्यांत स्वच्छ, फेसाळ थुंकी. नसीमाताईंनी डब्या उजेडात धरल्या आणि पाचही परत केल्या. चार जणांना खरंच दुसरं काही येत नव्हतं. पप्पांना येत होतं. ते त्यांनी मोरीत टाकलं, वर दोन तांबे पाणी ओतलं आणि मग डबीत थुंकले. मी बघितलं होतं.

का, तर दत्तू मगदूम. आदल्या वर्षी दत्तूला टीबी निघाला. कारखान्यात आधी त्याचा चहाचा पेला वेगळा झाला, मग त्याची बसायची जागा वेगळी झाली, आणि महिन्याभरात मालकानं त्याचे दोन माग दुसऱ्याला दिले. दत्तू औषधानं खडखडीत बरा झाला, हे मात्र गल्लीत कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिला तो पेला.

त्या रात्री जेवताना पप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेजे, उद्या तूच थुंक माझ्या डबीत."

"पप्पा, तुमची तपासणी आहे ती."

"तू पळतीस. दूध पितीस. तुझी छाती चकाचक. तुझा बेडका गेला तर रिपोर्ट चांगला येणार."

"आणि तुम्हाला खरंच काही असलं तर?"

"सुताचा हाय," पप्पा म्हणाले. मम्मी मान डोलवत भात वाढत राहिली.

मी नको म्हणायला पाहिजे होतं, हे आता अकरावीत बसून सांगणं सोपं आहे. तेव्हा मी शाळेच्या खो-खो संघाची नवी कोरी कॅप्टन होते, आणि सगळं जग मला टाळ्या वाजवायलाच जन्माला आलंय अशी माझी खात्री होती. सांगलीला पुढच्या रविवारी राज्य संघाची निवड होती. आमचा सराव घेणारे घाटगे सर म्हणायचे, "बुगड, तू नक्की!" आधीच्या दोन महिन्यांत माझं वजन तीन किलोंनी उतरलं होतं आणि सर खूश होते. पळती, म्हणजे पळणारी, हलकी झाली म्हणे. संध्याकाळी अंग कसकसायचं, तर तो सराव. सकाळी खाकरलं की छातीतून घट्ट गोळा यायचा, तर ती छाती मोकळी होत होती. असं सरांनी सांगितलं, आणि सर इतिहास शिकवायचे.

थोडक्यात, गल्लीत कुणालाच न येणारी गोष्ट मला येत होती. मी पप्पांची डबी भरून दिली.

मम्मीनं नळावर ही गोष्ट शेजारच्या इंदुकाकीच्या कानात घातली. कुणाला सांगू नका असंही बजावलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काडाप्पामामा मोरीशी हजर.

मी त्यांचीही भरली. त्यांनी डबी उजेडात धरली, नसीमाताईंसारखीच, आणि कौतुकानं म्हणाले, "वा! ह्याला म्हणायचं तब्येत."

ते गेले आणि इंदुकाकी आली. पदराखाली तिच्या मुलाची, सुहासची डबी. सुहासचं लग्न ठरलेलं, मुलगी जयसिंगपूरची, साखरपुडा होऊन गेलेला.

"काकी, सुहासदादाचा सुहासदादानं द्यावा की," मी म्हटलं.

"त्याचा नापास झाला म्हणजे?"

"ही काय परीक्षा आहे?"

"मग काय हाय? रिपोर्ट येतोय न्हवं? रिपोर्ट म्हणजे परीक्षाच की. तू पळण्यात पहिली येतीस. मग ह्यात बी पहिलीच येणार."

काकी बारावी झालेली आहे, बरं का. तिच्या घरात फ्रीजवर बारावीचा फोटो आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातले नवरा-बायको दोघंही आले, जोडीनं, देवळात आल्यासारखे. मी दोन्ही डब्या भरल्या. मी कधी कुणाची कॉपी केली नाही, पण इथं अख्ख्या गल्लीला कॉपी पुरवली, आणि खरं सांगते, मला भारी वाटत होतं. काकीनं जाताना माझ्या गालावरून बोटं मोडली होती.

नसीमाताई डब्या न्यायला आल्या आणि हरखल्या. "बघा, नीट खाकरलं की येतो का नाही?"

"येतो की," काडाप्पामामा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "न यायला काय झालं."

मंगळवारी संध्याकाळी आरोग्य केंद्राची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. नसीमाताई आणि एक डॉक्टर मॅडम उतरल्या. मंडळाच्या हॉलमध्ये त्या पाच जणांना घरच्यांसकट बोलावलं. मॅडम तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी कागद उलगडला आणि म्हणाल्या, "घाबरू नका. पाच जणांची तपासणी केली होती. पाचही जणांना टीबी आहे."

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"मशीन नासकं हाय तुमचं!" काडाप्पामामा गरजले. "पाचातलं पाच? कधी झालंय व्हय असं? मागसुद्धा पाचातले पाच एकदम बंद पडत न्हाईत."

"माझ्या लेकाचं लग्न हाय हो, मॅडम!" इंदुकाकी.

"खाजगीतनं करू परत. सरकारी कधी बरोबर असतंय?" कोपऱ्यावरचे.

"मशीन बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्हाला ताप येतो का संध्याकाळी?"

"न्हाई."

"वजन उतरलंय?"

काडाप्पामामांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"खोकल्यातून काही पडतं?"

"काय पडत न्हाई! कोरडा हाय. सुताचा."

मॅडमनी कागद खाली ठेवला. "मग डबीत बेडका कुठून आला? निरोगी छातीतून असा घट्ट बेडका येतच नाही, काका. नुसती थुंकी येते. तुमच्या डबीत जो होता तो आजारी माणसाचाच होता."

मी दाराशी उभी होते. संघाचा टी-शर्ट अंगात, पाठीवर पाच नंबर. मला पहिल्यांदा कळलं ते हे, की हॉलमधलं एकही माणूस माझ्याकडे बघत नाही. पंख्याकडे बघतील, फरशीकडे बघतील, भिंतीवरच्या वर्गणीदारांच्या यादीकडे बघतील, पण माझ्याकडे नाही. त्या पाचही घरांना त्या क्षणी माहीत झालं होतं की तो आजारी माणूस कोण. मी वाट बघत होते. कुणीतरी मोठं माणूस तोंड उघडेल. एकानं जरी म्हटलं असतं, "मॅडम, ती पोरगी..."

"मॅडम बरोबर म्हणत्यात," काडाप्पामामा एकदम मवाळ होऊन म्हणाले. "पडतो अधनंमधनं बेडका. आता आठवलं. द्या काय गोळ्या द्यायच्या त्या."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पाच जणांनी नावं लिहून दिली, अंगठ्याएवढ्या सह्या केल्या. मॅडम गेल्यावर मामांनी दार लोटून घेतलं आणि तोडगा सांगितला. "सरकारला फसवलं म्हणून कळलं तर केस हुईल. गोळ्या घ्यायच्या आणि गटारीत टाकायच्या. सहा महिन्यांनी परत डबी देतील. तवा..." इथं त्यांची नजर एकदाच माझ्यावरून सरकली. "तवा दुसरं कुणीतरी बघू."

दुसरं कुणीतरी! एक माग बंद पडला तर दुसरा लावायचा, तसं.

घरी आल्यावर मम्मीनं कडी लावली आणि माझा हात धरला. "रविवार होऊ दे. मग कोल्हापूरला खाजगी डॉक्टरकडं जाऊ. गल्लीत नाव नको. उद्या तुझ्या लग्नाचं बघायचं हाय."

"मम्मी, मी नववीत आहे."

"नाव एकदा लागलं की नववी काय न् विसावी काय."

पप्पा खोकत होते. मग ते जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "तेजे, मला उद्यापासनं चार गोळ्या मिळणार रोज. दोन तू घे, दोन मी घेतो. कुणाला कळायचं न्हाई. तुझं बी औषध होतंय, माझं बी."

ते हे इतक्या मायेनं म्हणाले की मला रडू यायला पाहिजे होतं. मला संताप आला. एका माणसाचं औषध दोघांत वाटायचं, पोळी वाटावी तसं! अर्ध्या औषधानं टीबी मरत नाही, उलट तो औषधालाच पुरून उरतो, हे नसीमाताईंनी मागच्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर बसून सांगितलं होतं. पप्पा तेव्हा समोर होते. चहा पीत होते.

"आणि रविवारी मी सांगलीला जाऊ?" मी विचारलं. "बारा पोरींच्या मध्ये बसून खोकू?"

"दोन गोळ्या घेऊन जा की," मम्मी म्हणाली.

बुधवारी सकाळी नसीमाताई मंडळाच्या कट्ट्यावर बसल्या. समोर पाण्याची कळशी, गोळ्यांची पाकिटं. पहिला डोस त्यांच्यासमोर गिळायचा होता. पाच जण रांगेत. काडाप्पामामांनी गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, आणि गालात एक फुगवटा तसाच ठेवून "जय हरी" म्हणाले.

"तोंड उघडा मामा, जीभ वर करा," नसीमाताई म्हणाल्या. मामांना गिळाव्या लागल्या. माझं हसू फुटलं, आणि हसता हसता मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.

"तू कशाला? शाळेत जा."

"ताई, तुमच्याकडे अजून एक डबी आहे?"

"कुणाला?"

"मला. त्या पाच डब्या मी भरल्या होत्या."

नसीमाताईंच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं.

"खोटं!" इंदुकाकी किंचाळली. "मोठं व्हायची हौस हाय पोरीला. कॅप्टन केल्यापासनं डोकं फिरलंय तिचं."

"बुगड, पोरीला आवर तुझ्या," काडाप्पामामा म्हणाले. त्यांचा आवाज आता जॉबरचा होता, कारखान्यातला. "मालकाच्या कानावर जाईल."

नसीमाताई पप्पांकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही सांगा. खरं आहे का हे?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग कारखान्याच्या दिशेनं बघितलं. तिथं त्यांचे चार माग पहिल्या पाळीची वाट बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "पोरगी खुळी हाय."

कट्ट्यावर मी, आणि समोर माझी अख्खी गल्ली. मला वाटलं होतं मी रडेन. मी डबी घेतली, झाकण काढलं, खोल श्वास घेतला आणि त्या सगळ्यांसमोर खाकरले. एकदा, दोनदा. जेवढ्या मोठ्यानं खाकरता येईल तेवढ्या. मग झाकण लावलं आणि पट्टीवर स्वतःच्या हातानं लिहिलं: तेजल बुगड.

"आता बघा," मी म्हटलं. "सहापैकी सहा येतात का नाही."

नसीमाताईंनी तिथूनच मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऐकून मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कुणी काही कबूल करायची गरज नाही. उद्या त्या पाच जणांचा आणि मुलीचा एक्स-रे काढू. डबी दुसऱ्याकडून भरून आणता येते. छाती ज्याची त्यालाच आणावी लागते. तोवर गोळ्या थांबवा."

फोन बंद झाल्यावर काडाप्पामामांनी सुहासला बाजूला घेतलं. "तू तरणा हाईस," मी त्यांना बोलताना ऐकलं, शप्पथ, "माझ्या नावावर तूच उभा ऱ्हातोस काय?"

चौघांच्या छात्या साफ निघाल्या. पप्पांच्या उजव्या बाजूला डाग, माझ्या डाव्या बाजूला. माझ्या डबीचा रिपोर्टही आला, आणि मी म्हटलं तसाच आला.

काडाप्पामामांनी गल्लीत पेढे वाटले. आपण कधी डबी दिलीच नव्हती, अशा तोऱ्यात. इंदुकाकीनं जयसिंगपूरला फोन करून सांगितलं की तपासणीत सुहास एकदम साफ, डॉक्टरनं लिहून दिलंय. चार दिवसांपूर्वी माझ्या तोंडातलं पदराखाली झाकून घरी नेणारी ही बाई आता आमच्या दारावरून जाताना तोच पदर नाकाला लावत होती. मालकानं पप्पांना डॉक्टरची चिठ्ठी आणेपर्यंत घरी बसायला सांगितलं. घाटगे सरांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "मग आता पहिली पळती कोण?" मी वाट बघत होते, तब्येत कशी आहे म्हणून विचारतात का. नाही विचारलं.

रविवारी सकाळी सातला संघाची गाडी चौकातून गेली. हॉर्न ऐकू आला, पोरींची ओरड ऐकू आली. मी तोंडाला मास्क लावून, उघड्या खिडकीशी बसले होते. पप्पा आतून बाहेर आले. एका हातात त्यांच्या गोळ्या, दुसऱ्या हातात माझ्या. वेगवेगळ्या वाट्यांत. मम्मीनं मध्ये पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती बाजूला जाऊन उभी राहिली.

पप्पा समोर बसले. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी येत नव्हतं, त्यामुळे घर फार शांत होतं.

"तेजे, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"सगळ्यांच्या समोर."

"मी तिथंच होते, पप्पा."

त्यांनी वाटीतल्या गोळ्या बोटानं एका बाजूला केल्या, परत मध्ये आणल्या. "रागावलीस?"

"हो."

"किती दिवस रागावणार?"

"सहा महिने," मी म्हटलं. "रोज सकाळी. उपाशीपोटी."

पप्पांनी मान हलवली, जणू डॉक्टरनंच सांगितलंय. मग चारही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, तांब्या वर करून पाणी प्यायले, आणि मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं, जीभ वर केली आणि मला दाखवलं.